परखी

उदगीरच्या मोंढ्यावर, बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत
गेले अकरा दिवस मी एकच प्रश्न मोजते आहे:
तू कोण?

माझा प्रोग्रॅम तो येईल त्याला विचारतो.
बेरजेच्या दारात अंक आला, तरी विचारतो.
मागचाही अंकच होता, त्याच्या मागचाही.
तू अंक, की यादी, की
अजून न केलेलं, नुसतं कबूल केलेलं एखादं काम?
मग उत्तर बघून तक्ता,
तक्त्यात पत्ता, पत्त्यावर उडी.
एका फेरीत चार वेळा. फेऱ्या दोन कोटी.
बंगळूरहून एवढंच लिहून आलंय: हळू आहे.

खाली फाटकाशी ख्वाजामियाँ.
हातात परखी, पोकळ, टोकाशी तिरपी कापलेली.
पोत्याच्या कुशीत खुपसतात, तळहातावर दाणे घेतात,
"सोयाबीन. डावीकडं."
"सोयाबीन. डावीकडं."
दिवाळीच्या तोंडावर दुसरं येणार तरी काय?
दहाव्या पोत्यापासून सायलू हमालाचा पाय
त्यांनी तोंड उघडायच्या आधीच डावीकडं वळतो.
पण फेब्रुवारीत
तूर, हरभरा, करडई एकाच ट्रॉलीत येतात
तेव्हा हाच सायलू, पाठीवर साठ किलो,
अर्ध्या वाटेतून माघारी फिरतो
आणि शिवी हासडतो. कुणाला, ते ठरलेलं नसतं.

मला वाटलं, सापडलं.

रात्री दीडला सगळे प्रश्न काढून टाकले.
येईल तो अंकच, असं शपथेवर लिहून दिलं कंपायलरला.
त्यानं ऐकलं. माझ्यावर विश्वास ठेवायला
त्याला मीच भाग पाडलं होतं.
वाचलं किती? शंभरातले सात.
आणि पहाटे कुठूनशी एक यादी आली,
तिला कुणी विचारलं नाही,
तिच्या घराच्या पत्त्याचीच बेरीज झाली
आणि पडद्यावर उमटलं अठ्ठावीस हजार कोटी.
ना तक्रार, ना लाल अक्षर.
मला त्या शांततेचीच भीती वाटली.

अप्पा मापाडी. एकतीस वर्षं काट्यापुढं.
चहा घेऊन वर आले. "काय मोजायलीस गं रातभर?"
म्हटलं, परखीत किती वेळ जातो ते.
हसले नाहीत. खिडकीतून खाली बघत राहिले.
"परखीला काय लागतंय?
येळ जातो सुतळीत.
उसवा, काट्यावर वता, परत भरा, परत शिवा.
पसाभर माल असला तरी पोतं अख्खंच लागतंय की."

चहा तसाच राहिला.
माझा प्रत्येक अंक एकटा, आपापल्या पोत्यात शिवलेला.
त्यात आमच्याकडं नेम असा, की
भरलेल्या पोत्यात पुन्हा हात घालायचा नाही:
दोनात तीन मिळवले तरी दोन तसाच, तीन तसाच,
पाचासाठी कोरं पोतं, नवी सुतळी.
आणि टाकलेली पोती उचलायला
मध्येच सगळा मोंढा थांबतो.
मी अकरा दिवस दोष देत होते
दारातल्या माणसाला.

दुपारपर्यंत प्रश्न परत ठेवले, जागच्या जागी.
आतल्या फेरीतली पोती तेवढी सोडवली.
अंक आता मोकळे, एका ढिगात, अंगाला अंग लावून,
ढिगाला एकदाच विचारायचं, तू कोण.
तिपटीहून थोडं जास्त पळालं.
बंगळूरला आकडा कळवला, कारण नाही कळवलं.
सुतळी म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं?

संध्याकाळी फाटक लागलं तेव्हा
ख्वाजामियाँ उकिडवे बसून
दिवसभर परखीतून सांडलेलं वेचत होते.
कुणी मागितलं नव्हतं, भाव नव्हता,
तरी एकेक दाणा उजेडात धरून:
सोयाबीन. सोयाबीन. सोयाबीन.
खडा.
सोयाबीन.