दुसरी सही

रजिस्टरात शेवटचे तीन रकाने:
दिलं, उरलं, ओतलं.
कडेला दोन सह्यांपुरती जागा,
अरुंद,
फार विचार करून आखलेली नाही कुणी.

नाना पेठेतल्या आमच्या दवाखान्यात
नार्कोटिकच्या कपाटाला दोन कुलपं.
एक किल्ली माझ्या खिशात, एक जोडीदाराच्या,
एकट्याचा हात आत जाऊ नये म्हणून.
अठरा वर्षं मी ते कुलूप लावून
दोनदा ओढून बघितलंय.

बेड नऊचे ढमढेरे, खुब्याचं हाड,
परवा पहाटे म्हणाले,
"इंजेक्शन दिलं म्हणता ना, सिस्टर,
मग ते पोचलं कुठं?"
मी हसले. म्हातारी माणसं बोलतात.
टेबलाशी येऊन चहावर बशी झाकली
आणि मागची पानं चाळली.

मार्चात 'कुपी फुटली' चार वेळा.
एप्रिलात सहा.
हातातून निसटली, ट्रेवरून घरंगळली,
मानेशी धड तुटली नाही.
कारणं निरनिराळी, अक्षर एकच.
टपोरं. शाळेत बक्षीस मिळालं असणार.

ब्रदर थोपटे.
ज्यानं माझ्या वडलांची शीर
पहिल्याच टोचणीत शोधली होती.
जो गणपतीत सगळ्यांच्या रात्री
स्वतःच्या अंगावर घ्यायचा.
का घ्यायचा ते आता कळतं, असं म्हणणं सोपं आहे.
मे महिन्यात लांब बाह्यांचा स्वेटर:
तोही दिसला होता मला.
दोघांनी मिळून एसीला शिव्या घातल्या होत्या.

मग 'ओतलं'चा रकाना.
उरलं एक मिली, ओतलं एक मिली,
उरलं दीड, ओतलं दीड,
आणि प्रत्येकापुढे, साक्षीदार म्हणून,
मी.
कधी फोन कानाशी धरून,
कधी पावाचा तुकडा तोंडात,
एकदा तर लिफ्टमध्ये
त्याच्याच पाठीवर वही ठेवून.
ओतताना पाहिलं?
एकदाही नाही.
ढमढेऱ्यांच्या हातात नऊ रात्री मिठाचं पाणी गेलं
ते माझ्या सहीनं.

काल मोठ्या मॅडमना सांगितलं.
कॅमेरा बसेल म्हणाल्या,
रिकाम्या कुपीशिवाय नवी मिळणार नाही.
आणि थोपटे? "येरवड्यात दोन फाटकं आहेत,
बघू कुठल्या लागतं."
चष्मा पुसत राहिल्या बराच वेळ.
"तुमच्या सह्यांचं काय करायचं, रणपिसे?"
लिहून देते म्हटलं.
अजून 'महोदया' या शब्दापुढे सरकलेली नाही.

आज रात्री ढमढेरे घोरतायत.
पूर्ण वॉर्ड वैतागलाय, मी नाही.

अडीच वाजता नवी मुलगी आली, बेल्ह्याची,
वही पुढे करून म्हणाली, "ओतलं, सिस्टर."
मी पेन उघडून तशीच उभी.
बेसिन कोरडं पडत चाललेलं.
"पुढच्या वेळी आधी हाक मार, मग ओत."
"माझ्यावर विश्वास नाही का?"
डोळ्यांत लगेच पाणी.

आहे गं.
थोपटेवरही होता.

रकाना कोरा ठेवला.