दोन की बारा

ब्यूट, मोंटाना. गुरुवार. बाहेर उणे एकोणीस.
बारच्या मागच्या खोलीत हीटर
दमेकऱ्यासारखा श्वास ओढतोय
आणि माझ्यापुढे दोन सत्त्या पालथ्या आहेत,
एक इस्पिकची, एक बदामाची.
कोपरे जरासे उचलून पाहिल्या,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारून
ताप उतरलाय का बघावं, तशा.

माझ्या आधी आर्वो केट्टुनेन बोलला.
म्हणजे बोलला नाही, दोन चिप्स सरकवल्या.
तो असाच आत येतो, लंगडत,
डावातही आणि दारातूनही:
खाणीतल्या एका तुळईने त्याच्या गुडघ्याचा निकाल
चौऱ्याहत्तर सालीच लावला.
त्याला रेझ करताना कुणी पाहिलेलं नाही.
"फ्लॉप बघू, मग बघू," म्हणतो.
तीस वर्षं बघतोच आहे.

आता मी.
दोन, की बारा?

दोन टाकले तर तीन पत्ते स्वस्तात दिसतील.
आठातून एकदा तिसरी सत्ती येईल
आणि मी चेहरा दगडाचा करून बसेन.
उरलेल्या सात वेळा
राजे येतील, राण्या येतील, कुणाची तरी दश्शी,
आणि माझी जोडी लग्नघरातल्या
न बोलावलेल्या पाहुण्यासारखी
भिंतीला लागून उभी राहील.

सासरे म्हणायचे (वॉली ट्रेवेना, पत्ते त्यांनीच शिकवले),
"दोन डॉलरला दार उघडतं, लोरीन,
पण सगळ्यांनाच.
मग गर्दी झाली म्हणून कुरकुर नको."
ते स्वतः मात्र लिंपच करायचे.

डावीकडे ब्रेनन, बावीस वर्षांचा,
टोपीखाली सगळी गणितं.
त्याच्या मते लिंप म्हणजे माफी मागत आत येणं.
मी दोन टाकले की तो पंधरा करणार,
मग त्या पंधरांपुढे माझ्या सत्त्यांचं तोंड
एवढंसं होणार.
आणि बारा टाकले, आणि त्याच्याकडे खरंच काही असलं,
तर बारा वाजलेच.

खरं सांगू? माझा पाय लिंपच्या बाजूचा आहे.
दिवसभर मी शाळेची पिवळी बस चालवते.
बर्फावर ब्रेक दाबायचा नसतो,
नुसता विचारायचा असतो:
थांबशील का, बाबा?
एकवीस पोरं मागे गोंधळ घालतात
आणि मी उतारभर विचारत खाली येते.
अशा पायाला एकदम बारा कसे टाकवतील?

तळ्यात, मळ्यात.
इर्मा पत्त्यांच्या गड्डीवर बोटं वाजवते.
इर्माची बोटं म्हणजे खोलीतलं एकमेव घड्याळ.

तेवढ्यात डूशान
(आंधळे दोन त्याचेच होते, पत्ते न बघता भरलेले)
खुर्चीच्या पाठीवरून जॅकेट ओढू लागला,
एक बाही घातलीसुद्धा.
आणि ब्रेननने आपले पत्ते
अंगठ्याखाली धरले होते, फेकायचे धरतात तसे.

बारा.
माझा हात गेला, मी नंतर गेले.

ब्रेननने फेकले. डूशानने दुसरी बाही घातली.
आर्वो बराच वेळ
आपल्या दोन चिप्सकडे बघत राहिला,
स्टेशनवर कुणाला पोचवायला आल्यासारखा,
मग पत्ते हळूच पुढे ढकलले.

संपलं. फ्लॉप नाहीच.
पाच डॉलर माझे.

"काय आलं असतं, दाखव ना," मी इर्माला म्हटलं.
"फक्त तीन. कुणाला सांगणार नाही."
तिने गड्डी उचलली, पिसायला घेतली.
"न आलेलं इथे दाखवत नाहीत," म्हणाली,
आणि ते तीन पत्ते
बाकीच्या एकोणपन्नासांत मिसळून गेले.

एक डॉलर इर्माला.
दोनची कॉफी आर्वोला पाजली,
त्याचेच दोन.
उरले दोन.

"काय होतं तुझ्याकडे?" त्याने विचारलं.
"तुझ्याकडे?"
कपात फुंकर मारत तो हसला.
"सत्ती होती एक," म्हणाला.
"चौकटची. दुसरं काही नाही."

आठातून एकदा, म्हणाले होते ना मी?
हिशोब परत करायला हवा.
बाहेर गाडीची काच खरवडताना
तोच करत होते.