नाशकात हीटर

फ्रेनीबाई गझदरांनी दिलेल्या यादीत
सतरावं काम: हीटर.
आसिम हसला. मीही, पण आतल्या आत,
कारण बाई समोरच उभ्या होत्या,
देवळाली कॅम्पातल्या माझ्या शेडमध्ये,
हातात छत्री, पाऊस नसताना.
"नॉब आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग चालला पाहिजे."

एकसष्ट सालची एमजी. दोन सीटा.
रंग हिरवा, म्हणजे जिथे उरला होता तिथे.
इंजिन झालं, ब्रेक झाले, हूडचं कापड
भद्रकालीतल्या ताडपत्रीवाल्यानं शिवून दिलं,
आणि डिसेंबर लागला तेव्हा मी सतराव्या कामाशी आलो.

आधी फ्यूज. बरा होता.
मग ब्लोअर: बॅटरीला थेट लावला तर फिरतो,
जागेवर बसवला की गप्प.
ह्या जुन्या इंग्रजी गाड्यांचं सगळं उलटं,
प्लस बॉडीला, मायनस तारेला.
दोन दिवस मी अर्थ शोधत होतो.
अर्थ होता. रंगाच्या तीन थरांखाली,
एका स्क्रूच्या बुडाशी, गंजलेला.
पॉलिशपेपरनं घासला आणि पंखा सुरू झाला,
उंदराच्या घरट्यातला कापूस
माझ्या तोंडावर फेकत.

वारा आला. गार.

मग केबल. नॉब ओढला की यायचा,
लोण्यातून यावा तसा. तिथेच शंका आली.
साठ वर्षांची केबल इतकी गोड वागत नाही.
इंजिनाकडचं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.
कुणीतरी पक्कडीनं कापून, वळवून,
शिंप्यानं काठ दुमडावा तशी
वर काळी पट्टी लावलेली.
कॉइल शोधायला वेळ नव्हता;
सायकलच्या ब्रेकची केबल टाकली, चालून गेली.
व्हॉल्व्ह उघडला.

तरी गार.

नळीवर हात ठेवत गेलो.
इथे चटका. चार बोटं पुढे, काहीच नाही.
कापली.
आत आडवा, घट्ट बसलेला
एक नवा पैसा.
नळीच्या मापाचा. घासल्यावर साल दिसलं,
गाडीच्याच वयाचा निघाला.

बाईंनी तो तळहातावर घेतला.
"जहांबक्षनं सांगितलेलं, हा हीटर
विलायतेच्या थंडीसाठी आहे,
आपली थंडी त्याला ओळखू येत नाही.
आणि मी तीस वर्षं
गुडघ्यांवर टॉवेल घेऊन बसले."

मी म्हटलं, हीटरच्या टाकीला भेग होती.
डाव्या अंगाला, खालून.
पाणी चालू राहतं तर उकळतं
तुमच्या पायांवर पडलं असतं.
भेग मी आता झाळली आहे.

त्यांनी छत्रीचं टोक फरशीवर दोनदा आपटलं.
"मग तसं सांगायचं ना," त्या म्हणाल्या.
माझ्याशी नाही.

जानेवारीत, पहाटे साडेपाचला, निफाडच्या रस्त्यानं निघालो.
पारा चारावर. द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवलेल्या,
धूर जमिनीला धरून सरकत होता.
मी नॉब ओढला.
आधी रबराचा वास, मग धुळीचा,
मग बाईंनी चपला काढल्या
आणि पाय पुढे केले.
पिंपळसपर्यंत कुणी बोललं नाही.

"खैरनार, पुरे. भाजतंय."
मी नॉब आत ढकलला. पुन्हा ढकलला.
ब्रेकची केबल ओढते. ढकलत नाही.
हे आसिमलाही माहीत होतं.

शेवटी हूड उघडलं.
वर चार अंश, खाली शेकोटी,
बाईंनी स्कार्फ कानांवरून घट्ट बांधला
आणि हसल्या, एकदाच, खोकला येईपर्यंत.

बिल केलं. केबलचे पैसे लावले नाहीत,
ती परत बदलायचीच होती.
त्यांनी चष्मा लावून सतरा कामं वाचली,
नोटा मोजल्या,
वर तो पैसा ठेवला,
मग उचलला,
"हा नको," म्हणाल्या, आणि पर्समध्ये टाकला.