पालकांची सही

तपासणीचा फॉर्म आलाय वरून, चौदा पानी.
पान सहा : शिक्षणाचा दर्जा.
उत्तम / चांगला / समाधानकारक.
लागू नसेल ते खोडावे.
मी ऑफिसात पेनाचं टोपण चावत बसलोय.
एकतीस वर्षं हेच करत आलो,
लागू नसलेलं खोडत.

घोरपडीतल्या आमच्या आवारात
सात दहाला पहिली घंटा होते,
आणि फाटकाशी मालगाडी अडली असेल तर
दुसऱ्या घंटेलाही अर्धी सातवी ब रुळांपलीकडेच.
मी त्यांना हजर धरतो.
याला रकाना नाही.

सहामाहीच्या सकाळी ग्रोटोत, मारियेच्या पायाशी,
पेनं, पट्ट्या, कुणाचा अख्खा कंपासबॉक्स.
जोगदंड नावाचा पोरगा पुडीतून शेंदूर घेऊन आला,
खिडकीशी येऊन हळूच म्हणाला,
'काका, यांना चालतो का?'
विचारून सांगतो म्हटलं.
अजून सांगायचं राहिलंय.

दाखल्यावर वर्तणूक 'चांगली' लिहायची असते.
चॅपलची काच फोडणाऱ्याचीही चांगली.
शाळा सोडण्याचं कारण : पालकांची बदली.
उमेर बागवानच्या बापाची बदली कुठे होणार होती,
हातगाडीवरून हातगाडीवर?
नववीत दोन टर्मची फी थकली, पोरगा यायचा थांबला,
आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा,
एक पत्र पाठवलं. छापील.

फादर हिलरी तेव्हा रजेवर होते.
असं मी स्वतःला सांगतो.

ते मंगळूरकडचे. भूमिती शिकवायचे.
फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचे एका दमात,
पोरं टाळ्या वाजवायची,
मग तेच कंपास लावून दाखवायचे
कुठे कुठे चुकलंय.

साठी उलटल्यावर त्यांना मराठी लिहायची हुक्की आली.
आठवी अ, खिडकीकडचा शेवटचा बाक,
पांढरा झगा गुडघ्यांत गोळा करून प्रिन्सिपल बसलेले.
पहिला आठवडा खांबेटेबाईंचा आवाजच फुटेना.
दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या,
'फादर, भिंतीला रेलू नका.'

घटक चाचणीत वीसपैकी नऊ.
'आशीर्वाद' चुकला होता. पहिली वेलांटी घातलेली.
आयुष्यभर जो दिला तोच.
बाईंनी लाल गोल केला, शेजारी लिहिलं :
पाच वेळा लिहून आणा.
आणि दहाच्या खाली असलं की पालकांची सही,
हा नियम फादरांचाच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते ऑफिसात आले,
हातात पेपर, मागे आठवीची तीन पोरं,
एकाच्या तोंडात पोळीचा घास तसाच.
'साळवे, माझे पालक तर गेले. तू कर.'
मी चष्मा पुसला, परत पुसला.
सही केली.
खाली नातं लिहायची जागा होती.
क्लार्क, असं लिहिलं.

त्या महिन्यात आठवी अमध्ये
एकानेही खोटी सही केली नाही, असं बाई सांगतात.
मी काही पडताळून पाहिलेलं नाही.
पण मधल्या सुट्टीत काही दिवस ती पोरं
फादरांना शुद्धलेखन घालताना दिसायची,
पायरीवर, डबे उघडे,
आणि फादर बोटांनी हवेत वेलांट्या काढताना.

आता ते आजारी पाद्र्यांच्या घरात असतात.
नाताळात कार्ड येतं. मराठीत.
एखादी चूक असते, मी ती कुणाला दाखवत नाही.

पान सहाच्या तळाशी बारीक अक्षरात :
पुराव्याची छायांकित प्रत जोडावी.
ड्रॉवर उघडला. रबरी शिक्क्यांखाली
वीसपैकी नऊ, घडीवर फाटत आलेला.
त्याच्याच खाली उमेरचा दाखला,
सही-शिक्क्यासकट तयार.
न्यायला कुणी आलंच नाही.

'उत्तम' खोडलं.
झेरॉक्सचं मशीन लावलंय, तापायला वेळ घेतं.
दोन्ही कागद हातात धरून उभा आहे.