फियाटवाले

दर रविवारी साडेसहाला पाषाण तलावाच्या अलीकडे
आम्ही गाड्या रांगेत लावतो. अकरा फियाट.
एखादी ढकलत आणलेली असते, पण ते मोजायचं नाही.
बॉनेटं उघडी, थर्मासचा चहा, पुडक्यात खारी,
आणि दाभाडकर, छप्पन सालच्या डुक्कर फियाटचे मालक,
ते उलटं दार उघडून असे उतरतात
की समोर बँड वाजत असावा.

आमची घटना कुठे लिहिलेली नाही,
कलम एक मात्र सगळ्यांना पाठ:
अ‍ॅम्बॅसिडर ही गाडी नव्हे.
ती चाकं लावलेली सरकारी फाइल.
मागच्या सीटवर पांढरा टॉवेल, टॉवेलावर साहेब.
हौस म्हणून ती कोण पाळतं?

मी थकलोय, हे त्यांना सांगितलेलं नाही.
एका किंगपिनसाठी नाना पेठेत सात दुकानं,
मग बुधवारी जुना बाजार,
शेवटी मुनाफ मिस्त्रीने लेथवर घडवून दिली.
म्हणाला, काका, ही शेवटची.
माझा पोरगा मोबाइल दुरुस्त करतो.

वैशाखात कात्रजच्या चढावर
पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळून
वीस मिनिटं उभा होतो.
फडकं भिजवायची बाटली
ही चाळीस वर्षं न सांगता भरून घेते.
त्या दिवशी भरलेली नव्हती.
आम्ही प्यायचं पाणी वापरलं.
ती काही बोलली नाही. घरी पोचेपर्यंत नाही.

फुरसुंगीला शेवाळे आहेत, गुऱ्हाळवाले.
त्यांच्या शेडमध्ये एकोणसत्तरची मार्क टू, दुधी रंगाची.
मंगळवारी गेलो, भर दुपारी, रिक्षाने.
फियाट घेऊन जाणं बरं दिसलं नसतं.

दिवे घाटाच्या पायथ्यापर्यंत चालवली.
खड्डा येऊन गेला, तो मला नंतर कळला.
ब्रेक दाबला की ती आधी विचार करते, मग थांबते;
माझंही हल्ली तसंच.
पुढची सीट एवढी, की तीन भावंडं
एकमेकांना कोपर न लागता भांडतील.
आणि क्लच.
मुरलेल्या लिंबाच्या फोडीसारखा मऊ.
माझा डावा गुडघा, जो जिन्यालाही नावं ठेवतो,
एक अक्षर बोलला नाही.

परत आलो तर शेवाळ्यांनी दोनशे पानी वही पुढे केली.
नाव, नंबर लिहून ठेवा. बघून जाणारे फार.
मी चष्मा चढवला.
वरच्याच ओळीत: वि. गो. केळापुरे. नंबर अर्धा खोडलेला.
त्याच्यावर फिरोज बाटलीवाला, कॅम्प.
"हे दोनदा आले," शेवाळे म्हणाले, "दुसऱ्यांदा बायकोला घेऊन."
त्याच्यावर सुनंदा राजहंस,
स्टीयरिंगला स्वतः विणलेलं कव्हर घालणाऱ्या.
आणि पान उलटल्यावर, जानेवारीतली तारीख, हिरवी शाई,
आमच्या वर्गणीच्या पावत्या ज्या शाईत फाडल्या जातात ती:
दाभाडकर.
पुढे बारीक अक्षरात, किंमत जास्त. पुन्हा येईन.

मी पेन घेतलं. ते उमटेना.
शेवाळ्यांनी दुसरं दिलं.

या रविवारी पुन्हा पाषाण.
दाभाडकर म्हणाले, अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे हमाल हो.
रस्त्याची मजा काय कळणार,
तिच्यात खड्डासुद्धा कळत नाही.
फिरोज म्हणाला, पण साला क्लच...
आणि घाईघाईने अख्खी खारी तोंडात कोंबली.

कुणीही विचारलं नाही, तुला कसं ठाऊक.
सुनंदाबाई तलावातल्या पाणकावळ्याकडे बघत राहिल्या.
केळापुरे बॉनेटखाली वाकलेलेच होते, ते आणखी वाकले.
मी कपातला गाळ फिरवला.

मग निघताना दाभाडकरांची गाडी सुरू होईना.
आम्ही दहाही जण, हायसं वाटून,
ढकलायला धावलो.