नऊ दिवस

मालिकेतल्या राष्ट्राध्यक्षाला भूल देणार होते.
त्यानं चष्मा काढला,
एका ओळीचं पत्र लिहिलं,
घड्याळ बघून खाली वेळ टाकली.
इतक्या वाजल्यापासून देश उपाध्यक्षाचा.
मी शुद्धीवर आलो, की माझा.

पोरीनं मोबाइल लोट्याला टेकवलेला.
मी दोंडाईच्याहून आणलेल्या मिरचीचे देठ खुडत होते,
बोटं नुसती पेटलेली.
ती म्हणाली, माय, आते तूच राष्ट्रपती वं!

कारण सकाळीच भास्करआबा धुळ्याला गेले,
हर्नियाच्या ऑपरेशनला.
जीप चालू झाल्यावर
खिडकीतून कपाटाची किल्ली दिली.
पत्र नाही, वेळ नाही.
'नुसती सांभाळ,' म्हणाले,
'काही करू नको.'

तीन वर्षं मी उपसरपंच.
सैंदाणे भाऊसाहेब बोट ठेवतात तिथे सही करते.
माझी खुर्ची प्लॅस्टिकची, दाराजवळ,
तिचा एक हात कधीचा तुटलाय.
त्या बाजूनं मी पदर खोचून बसते.

मालिकेतला उपाध्यक्ष मोठ्या खुर्चीत बसलाच नाही.
मागे उभा राहिला,
पाठीवर हात ठेवून,
जसं कुणाचं घोडं धरून उभं राहावं.
मला ते आवडलं होतं.
तरी दुसऱ्या दिवशी मी बसले.
खुर्ची उंच निघाली. अंगठे टेकले, टाचा नाही.

दोन दिवस कुणी आलं नाही.
पंखा फिरला, मी हजेरीपट बघितला,
कपाटातले शेंगदाण्याचे फोल झाडले.

तिसऱ्या दिवशी भिलाटीतली झुंबरी आली,
रहिवासी दाखल्यासाठी.
'तीन साल व्हई ग्यात,' एवढंच बोलली.
का अडलाय, ते सगळ्या गावाला ठाऊक.
मत कुणाला दिलं, तेही.
सैंदाणे भाऊसाहेबांनी छताकडे बघितलं.
मग म्हणाले, 'आबा आले म्हणजे बघू.'
मी म्हणाले, 'आबा झोपलेत.'

शिक्क्याची गादी वाळून खडखडीत.
मी शिक्का तोंडाजवळ धरला
आणि हा केला,
थंडीत काचेवर करतात तसा.
दोनदा.
अर्धाच उमटला. अशोकस्तंभ नाही, फक्त गावाचं नाव,
जांभळं, थोडं तिरकं.
झुंबरीनं तो कागद वाळेपर्यंत
पाळण्यासारखा हलवत नेला.

पुढचं मालिकेतलं मला ठाऊक नाही, लाइट गेली.
पोरीनं सांगितलं:
राष्ट्राध्यक्ष जागा झाला,
आधी पाणी मागितलं,
मग बायकोला, मग देश.

भास्करआबांनी आधी किल्ली मागितली.
पोटावर पट्टा, चेहरा उतरलेला,
जीपमधून उतरायच्या आतच.
'काही व्हयनं का?'
'काहीच नही.'

संध्याकाळी कळण्याच्या भाकरी थापताना
पिठाला कडेनं जांभळं लागलं.
मी तेवढा तुकडा काढून टाकणार होते.
मग टाकला नाही.
तव्यावर गेल्यावर कुठे दिसतं.