मांडीवरचा दिवा

उद्यमबागेत, शिफ्ट सुटल्यावर,
रेवती मुचंडीकरनं माझ्या मांडीवर पट्टा आवळला.
काळी डबी, साबणाच्या वडीच्या निम्मी.
"परशामामा, यातला उजेड तुम्हाला दिसायचा नाही.
कातड्यातून आत जातो, रक्ताला विचारून परत येतो."
काय विचारतो, म्हटलं.
"प्राणवायू किती उरलाय. एवढंच."

चन्नवीर म्हणाला, काळ्या कातड्यातून उजेड कमी परततो,
आणि सूत्र बेतलंय गोऱ्या पायांवर,
म्हणून तर तुमचा पाय पाहिजे की.
पहिल्यांदाच कुणाला माझा रंग
कामासाठी लागला.

एकतीस वर्षं लेथवर आहे मी.
एका थाऊचा फरक बोटाला कळतो.
पण माप घेतलं ते लोखंडाचंच.

आधी जांघेत फुगा बांधून
हवा भरत गेले, रक्त अडेपर्यंत.
पाय गार. मुंग्या. मग मुंग्याही गेल्या.
पडद्यावर अडुसष्ट, पन्नास, एकतीस...
"साकु," चन्नवीर. "अजून जरा," रेवती.
सतरा.
हा तुमचा तळ, म्हणे, इथून मोजायचं.
हवा सोडली तर आकडा जुन्या जागी थांबेना,
सरळ ब्याऐंशीवर,
पगाराच्या दिवशी फाटक उघडावं तसा.

मग सायकल. येळ्ळूर ओलांडून
राजहंसगडाचा चढ.
मागनं स्कूटरवर दोघं, मोबाइल धरून.
"मामा, दमलाय?"
छे.
"चव्वेचाळीस झालंय."
छे म्हटलं की!
"एकोणचाळीस. उतरा."

वळणावर उतरलो. श्वास मावत नव्हता.
खाली उसाचे तुकडे, भट्ट्यांचा धूर,
आणि मी विचार करत होतो
टाळेबंदीच्या त्या सात महिन्यांचा,
जेव्हा रोज घरी जाऊन म्हणायचो, काही नाही, बरा आहे,
आणि रतन वडगावात यंत्रमागावर
डबल पाळी उभी राहून म्हणायची, मीही.
पोटऱ्या तेव्हाही मोजत असणार.
विचारणारं कुणी नव्हतं.

"उद्या एक पाय अजून आणू काय," मी म्हटलं,
"बाईचा आहे. चालेल?"
चन्नवीर हसला. रेवती नाही हसली,
वहीत लिहून घेतलं.

रात्री रतननं लुंगीखालचा चौकोन बघितला,
केस काढलेला, गुळगुळीत.
"हे काय भादरून घेतलंस?"
मी सांगायला लागलो.
ती पातेलं घासत राहिली, एका पायावर भार देऊन,
मग दुसऱ्या.